पैसे देऊन गाणारे शहर

पुण्यात गाणे ऐकायला पैसे पडणार असतील तर माणूस आधी पास मिळतो का ते बघतो. पास नाही मिळाला तर आयोजकांपैकी कोणी ओळखीचे आहे का ते आठवतो, आणि तेही नाही जमले तर ‘यूट्यूबवर येईलच की’ म्हणून घरी बसतो. हाच माणूस स्वतःला गाता यावे म्हणून शिकवणीची फी महिन्याच्या एक तारखेला न मागता देतो, परीक्षेचा फॉर्म भरतो, आणि निवृत्त झाल्यावर कराओके क्लबात दोन गाणी म्हणायला मिळावीत म्हणून पदरचे पैसे मोजतो. यात त्याला विसंगती दिसत नाही, आणि खरे तर ती नाहीही. पंगतीत बसायचे पैसे द्यायला कोण तयार होतो? पण सोवळे नेसून वाढण्याचा मान मिळत असेल तर वर्गणीची पावती फाडणारे पुष्कळ. संगीत विद्यालयातून विशारद, अलंकार किंवा विद्यापीठाची एम. ए. घेऊन बाहेर पडलेल्या तरुण गायकाची पहिली चार-पाच वर्षे जी ओढाताण होते, तिचे कारण लोक त्याच्या तयारीत शोधतात, नशिबात शोधतात, फार तर ‘हल्लीच्या श्रोत्यां’त शोधतात. ते कारण या व्यवहारात आहे. विद्यालयाने त्याला आपले गाणे दुसऱ्याला ऐकवायला शिकवलेले असते आणि शहर पैसे देते ते स्वतःला गाता यावे म्हणून. ज्याला हे लवकर उमगते तो संगीतावर जगतो. ज्याला उशिरा उमगते तोही जगतो, पण मधल्या काळात घरचे त्याला बँकेच्या परीक्षांच्या जाहिराती कापून देतात.

विद्यालयातला श्रोता कसा असतो ते पाहिले तर ही गफलत कशी होते ते कळते. वर्गात तो गुरुजींच्या रूपाने असतो आणि चुका काढण्यासाठी का होईना, मन लावून ऐकतो. परीक्षेत तो परीक्षक होऊन येतो. त्याला मानधन आणि प्रवासखर्च मिळणार असतो, त्यामुळे समोरचा विलंबित ख्याल कितीही विलंबित झाला तरी त्याला उठून जाता येत नाही; तो फार तर ‘बरं, आता द्रुत’ म्हणतो. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद असे करत अलंकारपर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याला अशा बांधलेल्या श्रोत्याची आठ-दहा वर्षे सवय झालेली असते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात 1987 पासून गुरुकुलाची तालीम आणि सत्राची परीक्षा एकाच छपराखाली नांदतात. तिथल्या पदवीधराची अवस्था काही वेगळी नसते. मग एक दिवस पदवी हाती येते आणि पहिल्यांदाच सुटा श्रोता समोर बसतो. तिसऱ्या रांगेतले गृहस्थ पावणेआठला घड्याळ बघतात, शेजाऱ्याच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर पडतात. गाणाऱ्याला वाटते, आपला मध्यम लागला नाही. मध्यम उत्तम लागलेला असतो. गृहस्थांच्या मुलीची गाण्याची शिकवणी आठला सुटते, तिला आणायला ते निघालेले असतात.

हे आजचे नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा संगीतातला पैशाचा प्रवाहच त्यांनी उलटा वळवला. दरबारात ऐकणारा पैसे देत असे आणि गाणारा घेत असे. ऐकणाऱ्याची मर्जी फिरली की गाणाऱ्याने पुढचे संस्थान शोधायचे. विद्यालयात मात्र गाऊ पाहणारा पैसे देऊ लागला. तिकडे पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांनी राग थाटांत बसवले, बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, आणि एका माणसाच्या गळ्यातली विद्या फळ्यावर लिहिण्याजोगी केली. गाणे फळ्यावर आले म्हणजे त्याची फी ठरवता येते. पलुस्करांचा हेतू विद्यालयातून तानसेन निघाले नाहीत तरी कानसेन निघावेत असा होता, असे सांगितले जाते. पण कानसेन व्हायला फी कोण भरणार? आलेला प्रत्येक जण तानसेनाच्याच जागेसाठी नाव नोंदवून गेला. पलुस्करांची मुंबईतली इमारत पुढे कर्जापायी हातची गेली. 1931 साली ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. इमारत गेली ती गेली, परीक्षा मात्र टिकल्या. पुण्यात तर हे बी आधीच रुजले होते. 1911 साली भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज सुरू केला, 1913 साली अब्दुल करीम खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय काढले, आणि 1932 साली विनायकबुवा पटवर्धनांनी गांधर्व महाविद्यालय. पेठांतल्या मध्यमवर्गाला पंचवीस वर्षांच्या आत कळून चुकले की गाणे ही फी भरून घरी आणता येणारी गोष्ट आहे.

आजचे पुरावे हवे असतील तर वर्तमानपत्रातले ‘शहरात आज’ हे सदर उघडावे. शास्त्रीय गायनाच्या ओळीशेजारी ‘प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव’ हे शब्द बहुधा असतातच. त्या राखीव जागा प्रायोजकांच्या, आणि प्रायोजक हा तर आपल्या सिद्धांताचा सर्वांत ठसठशीत नमुना. बँक असो, बिल्डर असो की सराफ. तो गाणे ऐकण्याचे पैसे देत नाही, दीपप्रज्वलनानंतर दहा मिनिटे स्वतः बोलण्याचे देतो. पैसे देऊन ऐकवण्याची हौस त्यालाही असते, फरक एवढाच की तो तालात नसतो. मग सत्कार होतात, शाल-श्रीफळ होते, निवेदिका रागाचे वातावरण निर्माण करते, आणि सहाचा कार्यक्रम सात वाजता सुरू होतो. वर खुल्या मांडवाला ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहाची वेस घातलेली. बंद सभागृहाला ती नाही, पण तिथल्या वॉचमनला आहे. गेलेली मिनिटे कापली जातात ती गाण्यातूनच. भाषण मध्यलयीत गुंडाळल्याचे कोणी ऐकलेले नाही. याउलट कराओकेची मैफल पाहावी. तिथे सभागृहाचे भाडे गाणाऱ्यांच्या वर्गणीतून निघते, प्रेक्षक फुकट असतो, आणि त्या प्रेक्षकांतही बहुतेक जण आपल्या नंबराची वाट पाहणारे गायक असतात. त्यांच्या टाळ्या मनापासून असतात, कारण प्रत्येक टाळी म्हणजे थोड्या वेळाने परत मिळणारे उसने. कोणाला हसू येईल, पण या शहरातले हे एकच संगीत कुणाच्याही मेहेरबानीशिवाय चालते.

दुसरा पुरावा तबलजीचा. संगीताच्या पदवीधरांत तबलावादकाचे बस्तान गायकाआधी बसते हे कोणीही पाहून घ्यावे. तो जास्त गुणी असतो म्हणून नव्हे. गायकाला श्रोते लागतात आणि तबलजीला गायक लागतात. पुण्यात दुसऱ्या मालाचा तुटवडा कधीच पडलेला नाही. सकाळी कोणाच्या रियाजाला ठेका, दुपारी परीक्षेच्या केंद्रावर साथ, संध्याकाळी सुगमचा कार्यक्रम, आणि मध्ये कथकचे वर्ग. रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये नृत्यभारती सुरू केल्यापासून पुणे हे कथकचेही गाव झाले आहे, आणि कथक शिकणाऱ्या मुलींच्या प्रत्येक तुकडीला तबला लागतो, पेटीवर लेहरा लागतो. तिथे श्रोता औषधालाही नसतो. पायऱ्यांवर बसलेल्या आया असतात, त्या मोबाइलमध्ये असतात. तरी तबलजीला आणि पेटीवाल्याला तासाचे पैसे मिळतात, आणि बहुधा वेळेवर मिळतात. मैफलीत मात्र साउंडवाला आगाऊ घेतो, सभागृहाचे भाडे आगाऊ भरावे लागते, आणि मुख्य कलाकाराचे पाकीट भैरवीनंतर, खुर्च्या उचलल्या जात असताना, ‘हे फूल ना फुलाची पाकळी’ असे म्हणून हातात ठेवले जाते. घरी जाऊन उघडल्यावर कळते की म्हणणाऱ्याने विनय दाखवलेला नव्हता.

इथे कोणीही पुणेकर सवाई गंधर्व महोत्सवाचे नाव घेऊन उठेल, आणि त्याने उठावेच. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर 1953 साली भीमसेन जोशींनी सुरू केलेल्या या महोत्सवाला डिसेंबरच्या थंडीत हजारो माणसे तिकीट काढून बसतात. मग हे शहर ऐकायला पैसे देत नाही कसे? देते, आणि वर्षभराचे एकदम देते. चार-पाच दिवसांत पुणेकराचा श्रवणाचा सगळा खर्च उरकतो, आणि त्या मंचावर बसणारे कलाकार सगळे मिळून काही डझनच असतात. नव्या पदवीधराने उरलेले साडेतीनशे दिवस कसे काढायचे, हा प्रश्न महोत्सव सोडवत नाही आणि त्याने सोडवावा अशी अपेक्षाही नाही. दुसरा आक्षेप संगीत नाटकाचा असेल: तेव्हा नाही का महाराष्ट्र रात्र-रात्र तिकीट काढून ऐकत होता? ऐकत होता. तरीही बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली, कारण श्रोत्याने दिलेले पैसे शालू, भरजरी पडदे आणि अत्तर यांच्या वाटेने गेले. आणि मराठी रंगभूमीवरचा चढ्या तिकिटांचा सर्वांत गाजलेला प्रयोग, केशवराव भोसले आणि बालगंधर्वांचे 1921 सालचे संयुक्त ‘मानापमान’, हा टिळक स्वराज्य फंडासाठी होता. गाण्याला मोठे पैसे मोजताना मराठी माणसाने ते देशाच्या खात्यावर लिहिले. नुसत्या कानांसाठी एवढा खर्च करणे त्याच्या मनाला पटले नसते.

मग मोठे गवई जगले कशावर? विशारदच्या शास्त्राच्या पेपरात ‘जीवनचरित्र लिहा’ हा प्रश्न ठरलेला, पण त्या चरित्रांतले गवई जन्मतात, खडतर गुरुसेवा करतात, कीर्ती मिळवतात आणि स्वर्गवासी होतात. घरभाडे कोणी भरत नाही. वास्तविक भास्करबुवा बखल्यांनी धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकाची नोकरी केली, नाटकांना चाली दिल्या, शिष्य घडवले. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ अशा चित्रपटांना संगीत देत होते. विनायकबुवा पटवर्धन तर थेट पलुस्करांच्या विद्यालयाचे फळ. तेही दहा वर्षे गंधर्व मंडळीत तोंडाला रंग लावून उभे राहिले आणि मग विद्यालय काढून शिकवू लागले. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातला खाँसाहेब होण्याआधी वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षे लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करत होते. यांपैकी एकही जण केवळ ऐकवण्यावर जगला नाही, आणि एकालाही कोणी ‘अर्धवेळ कलावंत’ म्हटले नाही. हे आपल्याकडचेच असेही नाही. जर्मनीत लाइपझिगच्या चर्चमध्ये नोकरी करणाऱ्या बाखने 1730 साली एका मित्राला पत्र लिहून तक्रार केली होती की गेल्या वर्षी गावची हवा निरोगी असल्यामुळे अंत्यविधी कमी झाले आणि आपली वरकमाई बुडाली. पाश्चात्त्य संगीताच्या या महापुरुषाचा संसार चालायला असा श्रोता लागत होता, जो उठून जाण्याची शक्यताच नव्हती.

‘आणि भीमसेन?’ हा प्रश्न येणारच. ते कुठल्या विद्यालयात गेले होते? वाटेत काही काळ ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात, पण ते घडले तिथे नाही, आणि याचे थोडे श्रेय एका विद्यालय-संचालकाला जाते. गुरूच्या शोधात गदगहून पळालेला हा मुलगा हिंडत-हिंडत जालंधरला पोचला, तेव्हा तिथे आलेल्या विनायकबुवांनी त्याला सांगितले की तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. पुण्यातल्या आपल्या विद्यालयाचा फॉर्म त्यांनी पुढे केला नाही. यावरून विद्यालये निरुपयोगी आहेत असे काहींना वाटते. पण यातून सिद्ध होते ते इतकेच की विद्यालय कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे ते चालवणाऱ्याला पक्के ठाऊक होते. ज्याला गाण्याशिवाय दुसरे काहीच सुचत नाही असा एखादा मुलगा रेल्वेत गात, उपाशी राहत, देश ओलांडून जातो. बाकीच्या हजारोंसाठी परीक्षा असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. अपवादाकडे बोट दाखवून नियम मोडायचा झाला, तर पुण्यातल्या प्रत्येक आईला आपला मुलगा घरातून पळून जाण्याची वाट पाहत बसावे लागेल.

एक ग्राहक मात्र असा होता की तो ऐकवण्याचेच पैसे देत असे: आकाशवाणी. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. त्याच सुमारास नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांनी श्रीकृष्ण रातंजनकरांच्या हाती आवाज चाचणीचा कारभार दिला आणि देशभरच्या नामवंतांना परीक्षेला बसवले; त्यावर मोठा गहजब झाला. श्रेण्या ठरल्या, बी, बी हाय, ए आणि टॉप, आणि श्रेणीप्रमाणे मानधन. रेडिओचा मोठेपणा असा की कोणी ऐकते आहे की नाही याची चौकशी न करता तो चेक पाठवी. आज त्या चेकवर घर चालत नाही, पण पत्रिकेत नावापुढे ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ असे छापले की शिकवणीला विद्यार्थी वाढतात. म्हणजे ऐकवण्याची श्रेणीही शेवटी शिकवण्याच्याच कामी येते. सरकारची दुसरी मेहेरबानी करात आहे. 2017 पासून शास्त्रीय किंवा लोककलेच्या एका कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. नवा पदवीधर ही मर्यादा वाचतो तेव्हा त्याला सरकारच्या आशावादाचे कौतुक वाटते. आपण ती ओलांडू आणि कर भरावा लागेल, ही भीती त्याला कधीच नसते.

शिकवणीवर जगायचे ठरवले म्हणजे सगळे सुरळीत होते असे नाही. शास्त्राशी पहिले भांडण तिथेच होते. विद्यालयात आठ प्रहरांचे चक्र पाठ केलेले असते. मारवा सूर्यास्ताचा. पण सूर्यास्ताला शाळा सुटलेल्या मुलांची बॅच येते आणि ती भूप शिकते. त्यानंतरची बॅच नोकरीवरून परतलेल्यांची, तीही भूप शिकते. एकेकाळी मारव्याचा कोमल रिषभ लावताना डोळे मिटणारा हा गायक त्या वेळेस गेल्या कित्येक वर्षांत भूपाबाहेर पडलेला नसतो. मारवा तो गातो ते रात्री साडेदहाला, स्वतःसाठी, खालच्या मजल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. ऑनलाइन वर्गांनी तर प्रहरांचा प्रश्न पार भातखंड्यांच्या पलीकडे नेला. पुण्यात शनिवारी सकाळचे सात म्हणजे कॅलिफोर्नियात शुक्रवारी संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेपाच. शिकणारी मुलगी तिकडे दिवेलागणीला बसलेली, शिकवणाऱ्याचा इकडे पहिला चहा व्हायचा आहे. यमन कोणाच्या घड्याळाने गायचा? गुरूच्या घड्याळाने सकाळी यमन हे पाप, शिष्येच्या घड्याळाने पुण्य. व्यवहाराने हा वाद केव्हाच मिटवला आहे: ज्याच्या घड्याळाने फी येते त्याच्या घड्याळाने राग. तिसरी अडचण पट्टीची. गुरुजींचा गळा काळी एकचा, शिष्यांत निम्म्याहून अधिक मुली काळी चारच्या. दिवसभर परक्या पट्टीत आरोह-अवरोह दाखवून संध्याकाळी आपला षड्ज कुठे ठेवला होता तो शोधावा लागतो.

यावरूनच सर्वांत गंभीर आक्षेप निघतो: शिकवण्यांत रियाज मरतो. हा आक्षेप खोटा नाही. दिवसाला सहा बॅच घेणाऱ्याचा आवाज सातव्या तासाला मैफलीचा राहत नाही, आणि जो राहतो म्हणतो त्याचे गाणे ऐकावे. पण यावर उपाय शिकवणे सोडण्याचा नाही. कमी शिकवण्याचा आणि जास्त फी घेण्याचा आहे. फी वाढवणे हा घशाला मानवणारा सर्वांत गुणकारी काढा. तो घ्यायला पदवीधर कचरतो, कारण कलेत पैशाचे बोलू नये हे त्याला विद्यालयात फी भरतानाच शिकवलेले असते. शिवाय शिकवण्याने गाणे नुसते झिजत नाही. ‘असं का?’ म्हणून विचारणारा बारा वर्षांचा मुलगा भूपातला गंधार जितका तपासायला लावतो तितका परीक्षकही लावत नाही. विनायकबुवांचे ‘राग विज्ञान’चे भाग शिकवण्याच्या गरजेतूनच लिहिले गेले. आणि शिकवण्या टाळून वाचवलेला वेळ रियाजात जातो हाही एक समज आहे. आजकाल तो रीलच्या संपादनात जातो. तीस सेकंदांत तान, सम आणि कुर्ता हे तिन्ही दाखवणारी रील लाखभर लोक पाहतात, आणि ती आवडली की जो पहिला निरोप येतो तो कार्यक्रमाच्या आमंत्रणाचा नसतो. ‘सर, ऑनलाइन शिकवता का?’ असा असतो. साऱ्या जगात पसरलेला श्रोताही शेवटी पुणेकरच निघतो.

यावर शिक्षणतज्ज्ञांची सूचना तयार असते: हे सगळे अभ्यासक्रमातच आणा. सूचना सद्हेतूची आहे, पण आपल्याकडे जे अभ्यासक्रमात येते त्याचे काय होते ते ठाऊक असल्यामुळे भीती वाटते. लगेच प्रश्नपत्रिका निघेल. ‘पाकीट आणि मानधन यांतील साम्यभेद लिहा.’ ‘आयोजकाच्या आश्वासनाची दुगुन व चौगुन लिपिबद्ध करा.’ ‘टिपा लिहा: सभागृहाचे भाडे, निवेदिका, उरलेले पास.’ मुले गाइड घेऊन पाठ करतील, पहिल्या वर्गात येतील, आणि पहिल्याच कार्यक्रमात साउंडवाल्याला पैसे द्यायचे विसरतील. शिकवायचेच असेल तर एकच गोष्ट शिकवावी. विशारदच्या प्रात्यक्षिकात परीक्षकाशेजारी एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला बसवावे, आणि उमेदवाराने त्याला चाळीस मिनिटांत भूपाचा सरगम, त्याचे मन न मोडता आणि स्वतःचा तोल न जाऊ देता, बसवून दाखवावा. ज्याला हे साधेल त्याला या शहरात उपाशी राहण्याचे कारण नाही.

कारण त्या बँक अधिकाऱ्याचे पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. तो पाच वर्षे शिकतो. प्रवेशिका पूर्णपर्यंत कसाबसा जातो. गंधार कधी चढा, कधी उतरा, हे त्याला इतरांच्या आधी कळू लागते, आणि एक दिवस आपले गाणे आपल्यालाच ऐकवत नाही इतका त्याचा कान तयार होतो. तिथे त्याचे गाणे संपते आणि ऐकणे सुरू होते. ज्याने आयुष्यात कधी सूर लावून पाहिला नाही त्याला गवयाचे कष्ट दिसत नाहीत. ज्याने पाच वर्षे लावून पाहिला आणि हरला, त्यालाच ते दिसतात. दाद द्यायची कुठे आणि गप्प बसायचे कुठे, हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही. पलुस्करांना हवे असलेले कानसेन घडले ते असे, तानसेन होण्याच्या वर्गात फी भरून, नापास होत-होत. हा कारखाना चालवणारा कामगार म्हणजे आपला नवा पदवीधर. आपल्याला ऐकणारे नाहीत अशी त्याची तक्रार असेल, तर ते दुसरे कोणी तयार करून देणार नाही. ते त्याच्याच संध्याकाळच्या बॅचमध्ये, मागच्या रांगेत, बेसूर बसलेले आहेत. त्यांना सांभाळावे, धीराने शिकवावे, आणि त्यांची वेळ भरली की मैफलीला बोलवावे. फक्त पास देऊ नये. पाच वर्षे न चुकता एक तारखेला पैसे देणाऱ्या माणसाची चांगली सवय आपल्या हाताने मोडण्यात शहाणपणा नाही.